लाकडाशी कुस्ती

मल्लखांब मुळात पोरासोरांसाठी नव्हताच. पहिलवानाची पकड पक्की व्हावी, मांड्या-खांदे राबावेत म्हणून तालमीत खांब पुरायचा आणि जोडीदार नसला की त्याच्याशीच झटायचं. बाराव्या शतकातल्या सोमेश्वर चालुक्याच्या ‘मानसोल्लासा’त मल्लस्तंभ येतो. त्यानंतर ठळक नाव येतं ते थेट दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात, बाळंभटदादा देवधरांचं.

गोष्ट अशी सांगतात: निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल पेशव्यांच्या दरबारात आव्हान घेऊन आले. कोवळ्या बाळंभटदादांनी ते उचललं, मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगीला गेले. तिथे झाडांवरची माकडं पाहून त्यांना मल्लखांब सुचला, आणि परत येऊन त्यांनी गुलाबला आस्मान दाखवलं. मल्लखांब शिकवताना गोष्टीत मी ही माकडं हमखास आणते, पोरं खूश होतात. माझं मत विचाराल तर, खांब आधीपासून होताच. बाळंभटदादांनी त्याला शिस्त लावली. पुढे पेशवाई बुडाली, बाजीराव बिठूरला गेला आणि ही विद्या त्या बाजूला, काशीपर्यंत पोचली.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते विसाव्या शतकात घडलं. 1914 साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. तिथल्या मुलांनी 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामाची प्रात्यक्षिकं केली. 1925 मध्ये दादरला समर्थ व्यायाम मंदिर सुरू झालं. देशासाठी तरुण बळकट हवेत, असं तेव्हा जो तो म्हणत होता. पण बळकट व्हायचं कशावर? कुस्तीला खुराक लागतो. दूध, तूप, बदाम. चाळीतल्या कारकुनाला ते कुठून झेपायचं! मल्लखांबाला लंगोट आणि एरंडेलाची बाटली पुरे. खांब एकच, वीस पोरं रांगेत. कोणी कोणाला पाडत नाही, म्हणून हडकुळं, भित्रं पोरही टिकतं.

मुलींना आत आणलं ते दोराने. पूर्वी वेत टांगत; मग सुती दोर आला. मी दोरावरच शिकले. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोर धरायचा आणि त्या चिमटीवर अख्खं अंग वर ओढायचं. पहिल्या पावसाळ्यात बेचका सोलवटून निघाला. आई हळद लावायची आणि ‘मुलीच्या जातीला हे कशाला’ म्हणून पुटपुटायची, पण पाठवायचीही तीच. दोराला गाठ मारायची नाही, हा नियम. नुसत्या विळख्यावर डोकं खाली करून लटकायचं. अंगावरचा विश्वास तिथेच येतो. माझ्या लेखी निम्मी तब्येत म्हणजे तो विश्वासच.

2019 मध्ये शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली, परदेशी मुलंही खांबावर चढली. आमच्याकडचे पालक मात्र पहिल्याच दिवशी दहावीच्या वाढीव गुणांचं विचारतात. मी फॉर्म देते आणि सांगते, आधी खांबावरची साधी अढी जमू दे, मग बोलू.