तटाबुरुजांची मुंबई

मुंबईच्या कोटाभोवतीचा खंदक मराठ्यांच्या धास्तीने खणला गेला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि कंपनी सरकारची झोप उडाली. उद्या हीच फौज खाडी ओलांडून आली तर? कोटातल्या व्यापाऱ्यांनी खंदकासाठी ३० हजार रुपयांची वर्गणी काढली. व्यापारी आपण होऊन खिशात हात घालतो तेव्हा धोका खरा समजावा! मराठे काही आले नाहीत. कंपनीच्या कॅप्टन इंचबर्डने त्याच वर्षी पेशव्यांशी तह केला. खंदक खणणं मात्र पुढे काही वर्षं चालूच राहिलं.

तट त्याआधीचा. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा बंदरावर वाडा होता. त्याच्याच जागी इंग्रजांचा बॉम्बे कॅसल उभा राहिला. १६६८ साली वर्षाला १० पौंड भाड्याने बेट कंपनीकडे आलं, आणि चार्ल्स बून गव्हर्नर असताना, १७१५ नंतर, कॅसलबाहेरच्या वस्तीलाही तट घातला गेला. दक्षिणोत्तर मैलभर लांबी आणि तीन दरवाजे : अपोलो गेट, बाजारगेट, आणि १७१८ साली उघडलेल्या सेंट थॉमस चर्चच्या वाटेवरचं चर्चगेट. दक्षिणेकडे बहुतेक गोऱ्यांची घरं, उत्तरेकडे पारशी, बोहरी, बनिया. बनाजी लिमजी अग्यारी तर १७०९ ची, म्हणजे तटाहूनही जुनी.

फेब्रुवारी १८०३ मध्ये उत्तर भागात आग भडकली. दाटीवाटीची लाकडी घरं, माल भरलेल्या वखारी. एकामागून एक सगळं पेटत गेलं. त्यानंतर बरीच देशी वस्ती तटाबाहेर, मांडवी-भुलेश्वरकडे सरकली. मधलं एस्प्लनेड मैदान मात्र मोकळंच ठेवलं होतं, कारण कोटावरच्या तोफांना समोर आडोसा नको होता. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल, कूपरेज हे त्याच मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे. दक्षिण मुंबईत क्रिकेट खेळायला जागा राहिली ती कोणा नगररचनाकाराच्या दूरदृष्टीने नव्हे, तोफखान्याच्या हिशेबाने!

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि तटाचं कारणच संपलं. तरी तो आणखी चार दशकांहून अधिक काळ उभा होता. सरकारी कारभारच तो. अखेर १८६२ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या बार्टल फ्रियरने तो पाडायला घेतला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, शहरात पैसा खुळखुळत होता आणि जागेला सोन्याचं मोल आलं होतं. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ चं, म्हणजे नेमकं या उलथापालथीतलं. दोनच वर्षांत युद्ध थांबलं, भाव कोसळले, मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या; पण तट गेला तो गेला. चर्चगेट जिथे होतं तिथेच फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. आजचं चर्चगेट स्टेशन तिथून बरंच पश्चिमेला आहे. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला तो याच फाउंटनपाशी. म्हणून हा हुतात्मा चौक.

तटाची कसोटी लढाईत कधी लागलीच नाही. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात मात्र काळ्या दगडाचा एक तुकडा शाबूत आहे. तो १७६९ च्या जोडकिल्ल्याचा, आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं कार्यालय त्यातच थाटलेलं आहे. राजगडाची चिंता वाहणाऱ्यांना ही जागा शोभतेही.

२०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मुंबईतल्या वास्तूंचा जो समूह गेला, त्यातल्या हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या इमारती ओव्हलला लागून, म्हणजे जुन्या तटाच्या बाहेर आहेत. परदेशी पाहुण्याला ‘फोर्ट’ म्हणून आपण दाखवतो त्या बहुधा याच. आतला कोट बघायचा असेल तर बोरा बाजारात शिरावं. वर लाकडी सज्जे, खाली स्टेशनरीची दुकानं, आणि हातगाडी आली की भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. पर्यटकांची बस या गल्लीत येत नाही. वळायला जागाच नाही.