शेव्हरोले: तळेगावच्या गाड्यांवरचे आडनाव

१/९
लोणावळ्याहून पुण्याकडे येताना मावळातले तळेगाव लागते. तेथे २००८ साली जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. ‘शेव्हरोले बीट’सारख्या गाड्या येथून देशभर आणि पुढे थेट मेक्सिकोपर्यंत गेल्या. त्यांच्यावर झळकणारे नाव मुळात एका शर्यतपटूचे आडनाव होते. त्याची व त्याच्या दोन भावांची ही हकीकत.

२/९
लुई शेव्हरोलेचा जन्म १८७८ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला. वडील घड्याळजी. फ्रान्समध्ये सायकली दुरुस्त करीत आणि शर्यतींत पळवीत तो वाढला. १९०० साली त्याने अटलांटिक ओलांडला आणि १९०५ मध्ये बार्नी ओल्डफील्ड या नामांकित चालकाला हरवून अमेरिकेत नाव कमावले. आर्थर व गॅस्टन हे धाकटे भाऊही याच वाटेने आले.

३/९
त्या शर्यतगाड्यांची चाके सांगाड्याबाहेर, उघडी असत. चालकाच्या शेजारी बहुधा एक मेकॅनिक बसे. इंडियानापोलिसची धावपट्टी १९०९ मध्ये खुली झाली, तेव्हा पहिल्याच मोटारशर्यतींत पाच जणांचा बळी गेला. मग तिच्यावर सुमारे ३२ लाख विटा बसवण्यात आल्या. १९११ साली येथे पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. आर्थर तीत उतरला होता.

४/९
त्याच वर्षी, ३ नोव्हेंबर १९११ रोजी, उद्योजक विल्यम ड्युरंट आणि लुई यांनी शेव्हरोले कंपनी काढली. लुईला मोठी, दमदार गाडी घडवायची होती. ड्युरंटला फोर्डशी टक्कर देणारी स्वस्त गाडी हवी होती. दोघांचे फाटले. लुई बाहेर पडला, आपला हिस्सा विकून बसला. आडनाव मात्र कंपनीकडेच राहिले. पुढे त्याच कंपनीच्या समभागांच्या बळावर ड्युरंटने जनरल मोटर्सवर पुन्हा ताबा मिळवला.

५/९
आता लुईला स्वतःच्याच नावाने गाडी विकणे शक्य नव्हते. म्हणून त्याने ‘फ्राँटेनॅक’ या नावाने शर्यतगाड्या घडवायला घेतल्या. इंडियानापोलिसला तो स्वतः चार वेळा उतरला. १९१९ मधला सातवा क्रमांक ही त्याची तेथली सर्वोत्तम कामगिरी. चालक म्हणून जे साधले नाही, ते त्याने कारागीर म्हणून साधले.

६/९
१९२० साली लुईच्या हाताखाली तयार झालेल्या अनेक गाड्या शर्यतीत होत्या. सुकाणूतील दोषामुळे व अपघातांमुळे त्यांतील कित्येक मध्येच बाद झाल्या. गॅस्टनची ‘मन्रो’ मात्र टिकली. आघाडीवरचा राल्फ डी पाल्मा अखेरच्या टप्प्यात मागे पडला आणि गॅस्टन ताशी सुमारे १४२ किलोमीटरच्या सरासरीने जिंकला. एकही टायर न बदलता ५०० मैल पूर्ण करणारा तो पहिला चालक.

७/९
सहा महिनेही उलटले नाहीत. २५ नोव्हेंबर १९२० रोजी बेव्हर्ली हिल्सच्या लाकडी फळ्यांच्या धावपट्टीवर झालेल्या अपघातात गॅस्टन गेला. त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. पुढच्या वर्षी टॉमी मिल्टन इंडियानापोलिसला जिंकला, तोही लुईच्या फ्राँटेनॅकमधून. सलग दोन वर्षे विजय लुईच्या हातचा होता. गाडीवर मात्र त्याचे नाव नव्हते.

८/९
नंतर लुई व आर्थर यांनी चक्क फोर्डच्या ‘मॉडेल टी’साठी शर्यतीचे सुटे भाग बनवले. अमेरिकेच्या मातीच्या धावपट्ट्यांवर ते गाजले, पण धंदा तगला नाही. ‘शेव्हरोले’ नावाच्या गाड्या लाखोंनी खपत असताना लुई १९४१ साली हलाखीत वारला. त्याचे दफन इंडियानापोलिसलाच झाले.

९/९
जनरल मोटर्सने २०१७ साली भारतातील विक्री थांबवली. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद झाले. हजाराहून अधिक कामगारांचा रोजगार गेला. २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. ‘शेव्हरोले’ हे नाव आजही इंडियानापोलिसला इंजिनांवर झळकते. कारण नाव कागदावर विकता येते, जपता येते. कारागिराच्या हाताची मात्र कोठे नोंद होत नाही. मावळातील मित्रहो, त्या कारखान्यात राबलेले कोणी आपल्या घरी असतील, तर त्यांच्या आठवणी लिहून ठेवा. तोही इतिहासच आहे.