दुखणं एकीकडे, जखम दुसरीकडे

लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेली मुलगी मोठी होते, संसाराला लागते आणि तिशी-चाळिशीत डॉक्टरांकडे जाते. सांगते काय? झोप लागत नाही, ओटीपोट दुखतं, छातीत धडधडतं. तपासण्यांत काही निघत नाही. मूळ गोष्ट ती सांगत नाही, कुणी विचारतही नाही. हा संबंध वैद्यकाला नीट उमगायला शंभर वर्षं लागली.

1896 मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांनी डॉक्टरांपुढे हिस्टेरियाच्या 18 रुग्णांची हकिकत मांडली. या आजाराचं मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात आहे, असं ते म्हणाले. सभेला ते रुचलं नाही. पुढच्याच वर्षी फ्रॉइड यांचाही त्यावरचा विश्वास उडाला. मग अशा आठवणींना मनाचे खेळ म्हणायची रीत पडली आणि खरं बोलणाऱ्या बायकाही खोट्या ठरल्या.

1980 च्या दशकात अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी लठ्ठपणावर उपचार करत होते. वजन चांगलं उतरत असतानाच रुग्ण येणं सोडून देत. त्यांनी विचारपूस केली, तेव्हा अनेकांनी बालपणीचा अत्याचार सांगितला. काहींना जाड शरीर हीच आपली ढाल वाटत होती! त्यातून झालेला मोठा अभ्यास 1998 मध्ये छापून आला. बालपणीचे आघात जितके जास्त, तितका पुढे नैराश्य, व्यसन, आत्महत्येचा प्रयत्न, अगदी हृदयविकाराचाही धोका जास्त.

त्याच 1998 साली आपल्या नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ उभं राहिलं. राज्यातले बहुतेक नवे डॉक्टर त्याचीच पदवी घेतात. रुग्णाला हा प्रश्न हळुवारपणे कसा विचारायचा, हे त्यांना यायलाच हवं.

कारण प्रश्न थोड्यांचा नाही. केंद्र सरकारच्या 2007 च्या अहवालात 13 राज्यांतल्या 12,447 मुलांपैकी 53 टक्क्यांनी कसला ना कसला लैंगिक छळ सांगितला. त्यात मुलगेही मुलींइतकेच होते. 2012 मध्ये पॉक्सो कायदा आला. पण ती मुलं आज विशी-तिशीत आहेत, आपल्याच घरांत आहेत.

प्रत्येक दुखण्यामागे हेच असतं असं नाही. तपासण्या कराव्यातच. पण कुणी मन मोकळं केलं, तर ‘आता कशाला उकरतेस’ म्हणू नका. ‘तुझी चूक नव्हती’ एवढं म्हणा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे सोबत जा. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीसुद्धा. उशीर झाला तरी उपचारांचा उपयोग होतो.