बोलण्याआधीची परवानगी

१९७५ सालच्या ऑक्टोबर महिन्यात मुंबईतील काही वकिलांनी एक बैठक योजिली होती. बैठक खाजगी होती. निमंत्रण ज्यांना धाडले होते त्यांनाच प्रवेश होता. जागा जीना हॉलची ठरली होती आणि विषय होता नागरिकांची स्वातंत्र्ये व कायद्याचे राज्य. बोलणारांत मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती छागला आणि भारताचे माजी सरन्यायाधीश जे. सी. शहा यांची नावे होती. एक पंचाहत्तरीचे, दुसरे सत्तरीला टेकलेले. या दोन वृद्ध कायदेपंडितांच्या भाषणाने शहरात दंगा उसळेल असे कोणाला खरोखर वाटले असेल, हे मानणे कठीण आहे. तथापि पाचांहून अधिक माणसांनी एकत्र जमावयाचे तर पोलिसांची परवानगी हवी असा त्या वेळी हुकूम होता, आणि पोलीस आयुक्तांनी ती नाकारली. माजी न्यायमूर्ती नथवाणी हे प्रकरण घेऊन उच्च न्यायालयात गेले. मुख्य न्यायमूर्ती कांटावाला व न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी आयुक्तांचा हुकूम रद्द ठरविला. आणीबाणी असली तरी सरकारच्या धोरणावर शांतपणे टीका करण्याचा नागरिकाचा हक्क बुडालेला नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

ही हकीकत आरंभीच सांगितली, कारण आपणही सभागृहात जमणारी माणसे आहोत. वसंतात संध्याकाळी घरची कामे आटोपून यावे, दीड तास कोणाचे तरी ऐकावे, पटले नाही तर परतताना वाटेत त्याच्यावर टीका करावी, हा आपल्याकडचा जुना परिपाठ. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली, आणि मग हे लोण गावोगाव गेले. या परिपाठाला कोणाची परवानगी लागत नाही असे आपण गृहीत धरून चालतो. मला आज त्या गृहीताविषयी बोलावयाचे आहे.

आपल्या बोलण्यात 'मुस्कटदाबी' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. लेखकावर खटला झाला की मुस्कटदाबी, अग्रलेखावर टीका झाली तरी मुस्कटदाबी! त्यामुळे खरी मुस्कटदाबी समोर आली तर ती ओळखू येत नाही. बोलल्यानंतर शिक्षा होणे ही एक गोष्ट आहे; बोलण्याआधी परवानगी घ्यावी लागणे ही निराळी. लोकमान्यांना १८९७ साली दीड वर्षाची आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली. शिक्षा अन्यायाची होती यात शंका नाही. पण 'केसरी'तील तो मजकूर लोकांनी आधी वाचला होता. खटला उघड्या न्यायालयात चालला, लोकमान्यांनी दिवसच्या दिवस आपला बचाव मांडला, आणि तोही लोकांनी वाचला. सरकारने लेखकाला मंडालेस धाडले, मजकुराला धाडता आले नाही. पूर्वपरवानगीच्या पद्धतीत नेमके उलट घडते. लेखक घरी सुखरूप बसलेला असतो आणि मजकूर मात्र जन्मालाच येत नाही. वाचकाला आपण काय गमावले याचा पत्ताही लागत नाही.

ही दुसरी पद्धत आपल्या देशात नवी नाही. व्याख्यानमाला सुरू झाल्यावर तीनच वर्षांनी, मार्च १८७८ मध्ये, लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील वृत्तपत्रांसाठी कायदा केला. मॅजिस्ट्रेटने मुद्रकाकडून जामीन लिहून घ्यावा, न्यायालयात अपील नाही. आणि हा जाच चुकवावयाचा असेल तर मुद्रिते सरकारी अधिकाऱ्याला आधी दाखवावीत, अशी त्यात सोय ठेविली होती. इंग्रजी पत्रांना कायदा लागू नव्हता, म्हणून कलकत्त्याच्या 'अमृतबझार पत्रिके'ने एका रात्रीत बंगालीचा वेष टाकून इंग्रजीचा धारण केला. नाटकांचा कायदा त्याच्याही आधीचा, १८७६ चा. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली बंदी आली ती त्याच्याच आधारे. इंग्रज गेल्यावरही आपल्या राज्यात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी मंडळाकडे धाडण्याची पद्धत राहिली. तिला आपण 'परिनिरीक्षण' असे भारदस्त नाव दिले, एवढाच काय तो फरक!

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर आपले मत फार लवकर दिले होते, आणि त्या दिवसाची गंमत राजकारणात रस असणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी धरण्याजोगी आहे. २६ मे १९५० रोजी दोन निकाल लागले. एक मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या साप्ताहिकाचा. ते डाव्या विचारांचे, त्याला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात बंदी केली होती. दुसरा दिल्लीच्या 'ऑर्गनायझर'चा. ते संघविचाराचे, त्याला मजकूर छापण्याआधी तपासून घेण्याचा हुकूम झाला होता. न्यायालयाने दोन्ही हुकूम एकाच दिवशी रद्द केले. दोन्ही पत्रांना एकमेकांचे तोंड पाहणे नकोसे. पण घटनेच्या एकाच कलमाच्या आश्रयाला दोघेही शेजारी शेजारी उभे होते. पुढे वर्षभरानंतर, जून १९५१ मध्ये, नेहरू सरकारने पहिली घटनादुरुस्ती करून 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे कारण त्या कलमात घातले. निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत हा शब्द त्याच वेळी आला, हेही सांगितले पाहिजे. नंतरच्या कितीतरी खटल्यांत नागरिकाला त्याच शब्दाने तारले आहे. नेहरूंविषयी ज्यांना आदर आहे, आणि मला तो आहे, त्यांनीही ही दुरुस्ती घाईने झाली असे म्हणावयास संकोच करू नये.

२५ जून १९७५ च्या रात्री अंतर्गत आणीबाणी पुकारली गेली तेव्हा तिच्यासाठी नवी हत्यारे घडवावी लागली नाहीत. १९७१ च्या युद्धात जाहीर केलेली आणीबाणी उठविलीच नव्हती. संरक्षण नियमही त्याच वर्षीचे. युद्धासाठी केलेला नियम कपाटात होता, तो काढून देशातल्याच वृत्तपत्रांवर लावला. त्या रात्री दिल्लीत छापखान्यांची वीज तोडली गेली, आणि दुसऱ्या दिवशी पूर्वतपासणीचा हुकूम निघाला. 'इंडियन एक्स्प्रेस'ने २८ जूनला अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तेव्हा कोऱ्या जागेलाही मनाई झाली. हा हुकूम मला सगळ्या हुकुमांत बोलका वाटतो. कात्री लावली हे तर खरेच, पण कात्री लागली हे दिसता कामा नये! गांधी, टागोर आणि खुद्द नेहरू यांची वचनेदेखील गाळली जात. १९५६ साली फिरोज गांधींनी खटपट करून एक कायदा संमत करून घेतला होता. संसदेत झालेले भाषण छापले म्हणून वृत्तपत्रावर खटला होऊ नये, हा त्याचा हेतू. तो कायदा डिसेंबर १९७५ मध्ये त्यांच्या पत्नीच्या सरकारने रद्द केला.

या काळात मोठ्या वृत्तपत्रांपैकी बहुतेक वाकली. काहींनी सन्मान्य अपवाद केला. खरी झुंज दिली ती लहान नियतकालिकांनी, ज्यांचा खप काही हजारांच्या घरात. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' या मासिकातील ऑगस्टच्या अंकाचे अकरा मजकूर मुंबईच्या सेन्सॉर अधिकाऱ्याने अडविले. मसानी न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मादन व कनिया यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सगळ्या वृत्तपत्रांनी एका सुरात गावे अशी व्यवस्था करणे हे सेन्सॉरचे काम नव्हे, असे त्यात ठणकावून सांगितले आहे. गुजरातेत सर्वोदयी विचाराचे 'भूमिपुत्र' होते. अहमदाबादेत भरलेल्या नागरी स्वातंत्र्य परिषदेचा वृत्तांत त्याने दिला, म्हणून त्याच्यावर जप्ती आली. तेथील उच्च न्यायालयानेही सरकारला झिडकारले. आपल्याकडे साने गुरुजींच्या 'साधने'ने, यदुनाथ थत्ते संपादक असताना, हाच जाच सोसला. आणि पवनारला काय झाले? ज्या विनोबांचे 'अनुशासनपर्व' हे शब्द सरकार भिंतींवर रंगवीत होते, त्यांनी १९७६ साली गोहत्येच्या प्रश्नावर उपोषणाचा संकल्प सोडला आणि तो आश्रमाच्या 'मैत्री' मासिकात छापला. पोलिसांनी आश्रमात जाऊन ते अंक उचलून नेले. सेन्सॉरला मित्र नसतो, हे विनोबांच्या भक्तांना तेव्हा कळले असावे.

कराडचे साहित्य संमेलन याच काळातले, डिसेंबर १९७५ चे. कराड हे यशवंतरावांचे गाव. ते परराष्ट्रमंत्री आणि संमेलनाचे स्वागताध्यक्ष. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत. जयप्रकाश नुकतेच पॅरोलवर सुटून मुंबईच्या जसलोक रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने अंथरुणाला खिळले होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करावी असे सुचविले आणि मंडप उभा राहिला. पुढील वर्षी बाईंना मुंबईत अटक झाली. संमेलन आयोजकांची यात केवढी अडचण झाली असेल! मंत्र्यांच्या गावी मंत्र्यांच्या यजमानपणाखाली अध्यक्ष असे बोलतात, हे कोणत्याही कार्यवाहाच्या पोटात गोळा आणणारे आहे. पण अध्यक्षांना परत पाठवावे असे कोणी म्हटले नाही, आणि मला वाटते कराडकरांचे आणि स्वतः यशवंतरावांचेही हे श्रेय आपण पुरेसे मोजलेले नाही.

१९७७ च्या मार्चमधील निवडणुकीने हे पर्व संपविले. उत्तरेत काँग्रेस जवळजवळ पुसली गेली. महाराष्ट्राने मात्र तिला अठ्ठेचाळीसपैकी वीस जागा दिल्या. सेन्सॉरने जनतेचे डोळे बांधले तसे सरकारचेही बांधले होते. लोक काय म्हणतात हे सांगणारे वृत्तपत्र उरले नाही, तेव्हा राज्यकर्त्यांनी आपलेच छापलेले वाचले आणि ते खरे मानले. जनता सरकारने आक्षेपार्ह मजकुराचा कायदा काढून टाकला, ४४ व्या दुरुस्तीने 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे कारणही घटनेतून उडविले, आणि ज्या माजी सरन्यायाधीशांचे भाषण पोलिसांना नको झाले होते, त्यांनाच आणीबाणीच्या चौकशीस बसविले.

म्हणजे प्रश्न मिटला असे वाटेल. मला तसे वाटत नाही. आणि हे मी कोणा एका पक्षावर दोष ठेवण्यासाठी म्हणत नाही. १९८८ साली राजीव गांधी सरकारने बदनामीचे विधेयक आणले, ते वृत्तपत्रसृष्टी रस्त्यावर उतरली म्हणून मागे घ्यावे लागले. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ हे कलम आले ते मनमोहनसिंग यांच्या कारकिर्दीत. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना एका साध्या मतप्रदर्शनासाठी अटक झाली, तेव्हा त्याचा अर्थ महाराष्ट्राला समजला. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ते कलम रद्द केले. पण संकेतस्थळावरील मजकूर अडविण्याचा अधिकार देणारे ६९अ कायम ठेविले, आणि त्याखालचे हुकूम गुप्त राखावेत असा नियम आहे. मोदी सरकारने सरकारविषयीची माहिती खरी की खोटी हे सरकारनेच ठरवावे असा नियम केला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविला. राजद्रोहाचे जुने कलम गेले म्हणतात, पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत १५२ वे कलम आहे, आणि त्यातील शब्द वाचले तर पाहुणा ओळखीचा वाटतो. माझे मत विचाराल तर मला खटल्यापेक्षा गुप्त हुकुमाची भीती अधिक वाटते. कारण तो कोरी जागासुद्धा ठेवीत नाही. १९७५ ला निदान हुकूम काढणारा अधिकारी कोण हे मसानींना ठाऊक होते आणि त्याला न्यायालयात खेचता आले.

याहून एक पद्धत अधिक सोयीची आहे, तीत हुकूमच लागत नाही. कराडनंतर त्रेचाळीस वर्षांनी, जानेवारी २०१९ मध्ये, यवतमाळला ९२ वे संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलाविले होते. या नेहरूंच्या भाची, आणि आणीबाणीला आपल्या मामेबहिणीच्या तोंडावर विरोध केलेल्या लेखिका. संमेलन काही दिवसांवर आले असता आयोजकांनी त्यांचे निमंत्रण मागे घेतले. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेला बोलाविल्याबद्दल एका पक्षाच्या स्थानिक कार्यकर्त्यांनी उधळून लावण्याची धमकी दिली, असे कारण सांगण्यात आले. पोलीस आयुक्तांनी काही नाकारले नव्हते, मंत्रालयातून कागद आला नव्हता. कित्येक निमंत्रितांनी संमेलनाकडे पाठ फिरविली. अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी मात्र व्यासपीठावर येऊन, झाले ते अनुचित झाले असे आपल्या भाषणात सांगितले. आणि सहगलबाईंचे ते न झालेले भाषण मराठीत भाषांतरित होऊन वृत्तपत्रांतून छापून आले. मंडपात बसले असते त्याहून कितीतरी अधिक लोकांनी ते घरी बसून वाचले.