जामानिमा आणि उन्हाळ्यातली कचेरी

कुणी नटूनथटून निघाला की आपण मराठीत सहज विचारतो, ‘एवढा जामानिमा करून कुठे निघालात?’ विचारण्यात थोडी थट्टा असते. पण जामा आणि निमा ही खरोखरच्या कपड्यांची नावे आहेत. जामा म्हणजे वरून घालायचा लांब, घोळदार अंगरखा. निमा म्हणजे त्याच्या आतला आखूड कपडा. दोन्ही अंगावर चढले की माणूस दरबारात किंवा दफ्तरात जायला तयार झाला, असा त्याचा अर्थ होता.

कामावर जायच्या कपड्यांची आपली पुष्कळशी भाषा अशीच फारसी-अरबीतून आलेली आहे. पोशाख, पायजमा, रुमाल, खिसा, अस्तर आणि खुद्द दफ्तरसुद्धा. हे शब्द मराठीने इतके आपलेसे केले की त्यांचे मूळ आज कुणाला आठवतही नाही. मात्र शब्द कचेरीत राहिले आणि कपडे कचेरीबाहेर गेले. दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, ऑफिसात काय घालावे याची चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत शर्ट-पँटच्या पलीकडे कुणी जात नाही. हे कसे झाले, ते पाहण्यासारखे आहे.

अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही पोशाखखान्याला आणि कापडांना स्वतंत्र जागा दिली आहे. त्यात तकौचिया नावाच्या कपड्याची नोंद आहे. हा मूळचा हिंदुस्थानी पद्धतीचा, बिनअस्तराचा अंगरखा. पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत आणि तो डावीकडे बांधत. अकबराने घेर गोल करवला आणि बंद उजवीकडे घेतले. म्हणजे मोगल दरबाराने इथल्या हवेत घडलेला कपडा उचलला आणि त्यात आपल्या पसंतीचा बदल केला. अस्तर नसणे ही त्यातली मोठी सोय होती. पुढे रिवाज असा पडला की मुसलमान जाम्याचे बंद उजव्या काखेखाली बांधत आणि हिंदू डाव्या. दरबारात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांच्या कपड्यांत धर्माचा फरक असला तर तो एवढाच, एका गाठीचा.

दख्खनमध्येही वेगळे नव्हते. मलिक अंबरची जुनी चित्रे पाहा. पांढरा झिरझिरीत जामा आणि कमरेला पटका. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली चित्रे पाहा. तिथेही जामा, पटका, पायजमा आणि डोक्यावर पगडी. एक हबशी मुसलमान वजीर आणि एक मराठा राजा, दोघांचा राज्यकारभाराचा पोशाख एकाच घराण्यातला आहे. बाराबंदी हा आपला जुना मराठी कपडाही याच कुळातला. त्याला बटणे नसतात, बंद असतात.

या पोशाखाचे कापड उन्हाळ्याला साजेसे असे. ढाक्याच्या मलमलीच्या जातींना आबेरवाँ म्हणजे वाहते पाणी आणि शबनम म्हणजे दव अशी नावे होती. जहांगीरच्या काळातल्या चित्रांत पातळ जाम्यातून आतला रंगीत पायजमा स्पष्ट दिसतो, आणि ही माणसे भर दरबारात उभी आहेत. आपल्या औरंगाबादेत हिमरूबरोबर मशरू विणले जाई. मशरू म्हणजे शरीयतने परवानगी दिलेले. पुरुषांना निव्वळ रेशीम वर्ज्य, म्हणून विणकरांनी असे कापड केले की रेशमाची चमक बाहेर राहावी आणि अंगाला सूत लागावे. धर्माचा नियम पाळता पाळता घाम टिपणारे कापड तयार झाले. सूरह नहलमध्ये (१६:८१) अल्लाहच्या देणग्यांची आठवण करून देताना उष्णतेपासून जपणाऱ्या वस्त्रांचाही उल्लेख येतो. वस्त्र लज्जा राखते, तसेच ते हवेपासून जपतेही. ही दोन्ही कामे एकाच कपड्याने करावीत, ही अपेक्षा आपल्या परंपरेत जुनी आहे.

सैल कपड्याचे शास्त्र साधे आहे. कापड आणि कातडी यांच्यात हवा खेळती राहिली की घाम वाळतो, आणि वाळणारा घाम अंगातली उष्णता घेऊन जातो. वाळवंटातले बदू लोक काळे झगे का घालतात, यावर १९८० साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त ऊन शोषतो हे खरे निघाले, पण ती जादा उष्णता अंगापर्यंत पोहोचण्याआधीच निघून जाते असेही दिसले. म्हणजे तिथे रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा ठरला. मुंबई-कोकणात गणित थोडे बदलते. दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणून तिथे कापड विरळ आणि सुतीच हवे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात पूर्ण बाह्यांचा, सैल, फिक्या रंगाचा कपडा उघड्या हातांपेक्षा बरा.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरुवातीच्या साहेबांना हे समजले होते. घरी ते पायजमा घालत, आणि त्यांच्यामार्फतच हा शब्द इंग्रजीत गेला. काही जण तर हिंदुस्थानी पोशाखातच वावरत. पण सत्ता पक्की झाली तसा हा मोकळेपणा खुपू लागला. १८३० मध्ये कंपनीने आपल्या अधिकाऱ्यांना सरकारी कामात हिंदुस्थानी पोशाख घालायला मनाई केली. फ्रेडरिक जॉन शोअर नावाचा एक न्यायाधीश उत्तर हिंदुस्थानात देशी कपडे घालून न्यायासनावर बसत असे, आणि हा हुकूम त्याच्यासारख्यांना उद्देशून होता. शोअर इथल्या हवेला योग्य तेच घालत होता. पण राज्य करणारा आणि ज्याच्यावर राज्य होते तो, हे दोघे लांबूनही वेगळे दिसले पाहिजेत, असे कंपनीला वाटत होते.

मग साहेबाने उन्हाशी दुसऱ्या मार्गाने झुंज घेतली. डोक्यावर सोला हॅट, पोटाला पटकी होऊ नये म्हणून फ्लॅनेलचा पट्टा, अंगात कोट. आणि हे सगळे सोसवावे म्हणून छताला टांगलेला पंखा, ज्याची दोरी बाहेर बसलेला एखादा देशी माणूस तासन्‌तास ओढत राही. साहेबाच्या कोटाची किंमत त्याच्या घामाने चुकती होत असे. शहाणपणाचा एक अपवाद मात्र त्याच राजवटीत सापडतो. १८४६ मध्ये पेशावरला गाइड्स पलटण उभी करताना लम्सडेनने लाल लोकरी गणवेशाऐवजी सैल, मातकट रंगाचे सुती कपडे निवडले. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. आजही आपल्या पोलिसाच्या अंगावर तोच रंग आहे.

साहेबाचा पोशाख प्रतिष्ठेचा झाला, तेव्हा आपल्या लोकांनी काय केले? सरधोपट नक्कल केली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत धोतर, कोट आणि पगडी असा मिलाफ झाला. खाली हवेशीर, वर हुकमतीचा. मुसलमानांपुढे आणखी एक वाट होती. १८२९ मध्ये उस्मानी सुलतान दुसरा महमूद याने आपल्या मुलकी अधिकाऱ्यांचा पोशाख कायद्याने बदलून फेझ टोपी आणली होती. सर सय्यद अहमद खान लंडनहून परतले आणि १८७५ मध्ये अलीगढची संस्था सुरू झाली, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांसाठी तुर्की टोपी आणि काळा कोट आला. यात साहेबाची शिस्त होती आणि साहेब न होण्याचा निर्धारही. अलीगढ आणि हैदराबादची शेरवानी याच वळणावर रुजली. १८६७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू करणारे पहिले हिंदी बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी पुढे त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. छायाचित्रांत त्यांची दाढी आणि पगडी कायम आहे.

महाराष्ट्राने या प्रश्नाची आणखी दोन टोके पाहिली आहेत. १८८८ मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जोतीराव फुले तिथे गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान कसा दिसतो ते त्यांनी राजपुत्राला दाखवले. दुसरीकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सूट. ज्या समाजाला चांगले वस्त्र नेसण्याचीही बंदी होती, त्याच्यासाठी तो सूट माणुसकीचा दाखला होता. १९२७ मध्ये महाडला त्यांनी दलित स्त्रियांना कमीपणाच्या खुणा असलेली वेशभूषा टाकून द्यायला सांगितले. म्हणून ‘सूट म्हणजे गुलामी’ असे घाईने म्हणणाऱ्यांनी थांबावे. कपडा कुणी घातला आणि कुणाच्या नजरेसमोर घातला, यावर त्याचा अर्थ ठरतो.

स्वातंत्र्यानंतर हिशेब पुन्हा मांडायची संधी होती. झाले असे की खादीचा कुडता पुढाऱ्याचा झाला, शर्ट-पँट कारकुनाची झाली आणि पायजमा-कुडता हळूहळू ‘मुसलमानी’ झाला. आज एखादा मुसलमान तरुण साधा पांढरा कुडता घालून ऑफिसात गेला, तर सहकारी विचारतात, ‘आज काय, ईद आहे का?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण ज्या कपड्यात मलिक अंबर आणि शिवाजी महाराज दोघांनी राज्यकारभार केला, त्याच्यावर आपण कुठला शिक्का मारला आहे, ते या प्रश्नात दिसते. जाम्याच्या काळात धर्म गाठीपुरता होता. आता तो अख्ख्या कपड्याला चिकटला आहे.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने मंत्रालय आणि शासकीय कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी पेहरावाच्या सूचना काढल्या. स्त्रियांसाठी साडी, सलवार-कुर्ता वगैरे, पुरुषांसाठी शर्ट-पँट, आणि आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी. स्त्रीने घातलेला सलवार-कुर्ता ऑफिसला शोभतो, मग पुरुषाच्या अंगावर तोच घरगुती किंवा मजहबी का ठरावा? पुरुषाच्या कचेरीत साहेब शिरला होता. त्या काळी स्त्री कचेरीतच नव्हती, म्हणून तिचा कपडा बचावला, एवढेच त्याचे उत्तर दिसते.

न्यायालयांचेही तसेच. बार कौन्सिलच्या नियमांनुसार उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, पण ही सवलत खालच्या न्यायालयांपुरती आहे, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांना ती लागू नाही. मे २०२० मध्ये महासाथीच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन सुनावणीसाठी पांढरा शर्ट, पांढरी सलवार-कमीज किंवा पांढरी साडी आणि गळ्याला पांढरी पट्टी एवढे चालेल असे परिपत्रक काढले. कोट आणि गाऊन नसताना न्यायदान चालूच राहिले.

इतर देशांनी याहून पुढे पाऊल टाकले. जपानने २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढली. कार्यालयात तापमान २८ अंश ठेवायचे आणि टाय-कोट उतरवायचा. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टायशिवाय दिसू लागले, तेव्हा खालच्यांना धीर आला. २००९ मध्ये बांगलादेशात शेख हसीना यांनी वीज वाचावी म्हणून सरकारी अधिकाऱ्यांना मार्च ते नोव्हेंबर सूट-टाय न घालण्याचा आणि एसी २४ अंशांच्या खाली न नेण्याचा आदेश दिला. ज्या ढाक्याने जगाला मलमल दिली, तिथल्या अधिकाऱ्यांना सूट उतरवा असे सांगावे लागले. भारतीय नौदलानेही २०२४ मध्ये आपल्या मेसमध्ये कुडता-पायजम्याला परवानगी दिली. हे पाऊल छोटे असले तरी १८३० च्या हुकमाच्या उलट दिशेने पडले आहे.

खरा सवाल उन्हाचा भार कुणावर पडतो हा आहे. कोट घालून एसी १८ वर ठेवणाऱ्या साहेबाला उन्हाळा जाणवत नाही. तालुक्याच्या कोर्टातला नवा वकील, पॉलिस्टरच्या गणवेशात दारावर उभा असलेला सुरक्षारक्षक, ग्राहकाच्या दारात टाय लावून जाणारा विक्रेता, यांना तो पुरता जाणवतो. पंख्याची दोरी ओढणारा गेला, पण त्याची जागा रिकामी राहिली नाही.

म्हणून ज्यांच्या हातात नियम आहेत, त्यांनी मार्च ते जूनपुरते तरी टाय आणि कोट ऐच्छिक करावेत. सुती कुडत्याला शर्टाइतकाच मान द्यावा, आणि तो सगळ्यांसाठी द्यावा. रक्षक-शिपायांचे गणवेश सुती करावेत. आपल्या भगिनींनाही एक सांगायचे आहे. हिजाबचा किंवा बुरख्याचा रंग काळाच हवा आणि कापड चकचकीत पॉलिस्टरच हवे, असे शरीयतने कुठे सांगितलेले नाही. झाकणे आवश्यक वाटत असेल तर सैल सुती कापडानेही ते होते, आणि प्रकृतीही जपली जाते.

जामानिमा हा शब्द मराठीने टाकून दिला नाही. त्या शब्दामागचा कपडा हिंदू-मुसलमान दोघांचा होता आणि इथल्या उन्हाला ओळखत होता. चंद्रपूर-नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा ही ओळख पुन्हा कामाला घ्यायला हरकत नसावी.