परवाना खिशात आहे, पण बंदूक न्यायची कुठे नाही?

वाढदिवसाला तलवारीने केक कापला, रील टाकली आणि दुसऱ्या दिवशी गुन्हा दाखल. ही बातमी आता इतकी नेहमीची झालीय की शेवटपर्यंत कुणी वाचत नाही. पण शेवटची ओळ वाचा. तिथे बहुतेक वेळा असं काहीतरी असतं: 'शस्त्र अधिनियम कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१)(३), १३५ अन्वये गुन्हा'. आज या ओळीबद्दल लिहायचंय, कारण तिच्यात दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे. आणि ती तलवारवाल्या पोरांपुरती नाही. रीतसर परवाना काढून घरात बंदूक ठेवणारा शेतकरी, माजी सैनिक, सराफ हे सगळे तिच्या कक्षेत येतात. परवाना मिळाला म्हणजे बंदूक कुठेही नेता येते, असा आपल्याकडे एक पक्का समज आहे. तसं नाही.

सुरुवात १८५७ पासून करावी लागते. उठाव चालू असतानाच, त्याच वर्षी, इंग्रजांनी शस्त्रांवर निर्बंध घालणारा कायदा केला. पाठोपाठ १८६० चा ३१ वा कायदा आला. त्यात ठरावीक प्रदेश निःशस्त्र करण्याची तरतूद होती. म्हणजे सरकारने भरवशाचा मुलूख आणि बिनभरवशाचा मुलूख अशी विभागणीच केली. 'कुठे' शस्त्र बाळगायचं नाही, हा प्रश्न आपल्या कायद्यात शिरला तो असा.

मग १८७८ चा शस्त्र कायदा आला. व्हाइसरॉय लिटन. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बंद करणारा कायदाही त्याच वर्षीचा, त्याच लिटनचा. या शस्त्र कायद्याच्या कलम १३ प्रमाणे परवान्याशिवाय हत्यार घेऊन बाहेर पडणं गुन्हा ठरलं. कलम १४ प्रमाणे बंदूक घरात ठेवायलाही परवाना लागू लागला. आणि कलम १५ ने १८६० चा तो निःशस्त्र मुलूख तसाच पुढे चालवला, तिथे तलवार-भाला घरात ठेवायचा तरी परवाना हवा. युरोपियनांना मात्र यातून सूट. एकाच रस्त्याने गोरा साहेब खांद्याला बंदूक लावून शिकारीला निघायचा आणि त्याच रस्त्यावर गावचा पाटील बंदूक घेऊन दिसला तर त्याला परवाना विचारला जायचा.

कोडगूची, म्हणजे कुर्गची, गोष्ट यात वेगळी आहे. कोडवा लोकांना आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना १८६१ मध्ये सूट मिळाली, ती आजतागायत चालू आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती आणखी दहा वर्षांनी, २०२९ पर्यंत वाढवली. एका जमातीला बंदुकीसाठी परवाना लागत नाही हे आज ऐकायला विचित्र वाटतं, पण इंग्रजांच्या हिशेबात ते चोख बसत होतं. निष्ठा दाखवणाऱ्याला सूट, बाकीच्यांना कुलूप.

या कुलुपाने हत्यारं थांबली का? आपल्याच भागातलं बघा. कायदा आला १८७८ मध्ये. फेब्रुवारी १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी पुणे जिल्ह्यातल्या धामारीवर पहिला छापा घातला. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेने जॅक्सनला मारलं, ते लंडनहून चोरून आलेल्या ब्राउनिंग पिस्तुलाने. ज्यांना वापरायचं त्यांनी मिळवलंच. कायद्याचा रोजचा काच सोसला तो डुकरं आणि बिबट्यांपासून पीक आणि गुरं राखणाऱ्या शेतकऱ्याने.

काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच या कायद्याविरुद्ध ठराव केला होता. अहिंसेचं नाव घेताच ज्यांचा चेहरा डोळ्यापुढे येतो त्या गांधीजींनीसुद्धा १९१८ मध्ये सैन्यभरतीच्या पत्रकात, अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा हा कायदा म्हणजे इंग्रजी राज्याच्या दुष्कृत्यांतलं सर्वात काळं कृत्य, असं म्हटलं होतं. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाआधी त्यांनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्यावेत ही एक होती. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत होता.

मग स्वातंत्र्यानंतर तो गेला कुठे? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथांनी कराची ठरावाचा आधार घेत हा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. सराईत गुन्हेगार आणि दरोडेखोरांनाही हाच हक्क द्यायचा का, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. फाळणीच्या दंगलींना दीड वर्षही झालेलं नव्हतं, गांधीजींच्या खुनाला वर्ष व्हायचं होतं. दुरुस्ती फेटाळली गेली. उलट अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचा जो हक्क दिला, त्यालाच 'शांततेने व विनाशस्त्र' ही अट जोडली गेली. शिखांच्या कृपाणाचा उल्लेख मात्र अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात खास करून ठेवला. माझ्या मते तो निर्णय बरोबर होता. पण त्याचा एक परिणाम लक्षात घ्यायला हवा: आपल्याकडे बंदूक हा हक्क नाही, सरकारने दिलेली सवलत आहे. आणि सवलतीला अटी असतात.

अमेरिकेत गाडी नेमकी उलटी चालते. तिथे शस्त्र हा घटनेतला हक्क. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये न्यूयॉर्कची शंभरेक वर्षांची जुनी अट रद्द केली. पिस्तूल बरोबर बाळगायचं तर त्याचं खास कारण दाखवा, अशी ती अट होती. ती गेल्यावर न्यूयॉर्कला शाळा, दवाखाने, उद्यानं अशी 'इथे बंदूक नको' ठिकाणांची लांबलचक यादी कायद्यात लिहावी लागली, त्यात टाइम्स स्क्वेअरसुद्धा आहे. तिथे मनाई कुठे ते मोजून लिहावं लागतं. आपल्याकडे परवानगी कुठवर ते लिहिलेलं असतं.

कुठे लिहिलेलं असतं? पहिली जागा म्हणजे खुद्द परवाना. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता आहे ते असतं: जिल्हा, राज्य किंवा देश. जिल्ह्याचा परवाना असताना बंदूक शेजारच्या जिल्ह्यात नेली की ती बिनपरवान्याच्या हत्यारात जमा. शिवाय परवान्याच्या छापील अटींत आहे की जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या खास परवानगीशिवाय शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, कुठल्याही सार्वजनिक जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात न्यायचं नाही. किती जणांनी हे वाचलंय? लग्नाच्या वरातीत कमरेला पिस्तूल लावून फिरणारे पाहिले की वाटतं, कुणीच नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला वेगळी शिक्षा आली: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एका परवानाधारकाकडच्या बंदुकांची मर्यादाही तीनवरून दोनवर आली.

दुसरी जागा म्हणजे आपल्या राज्याचा कायदा, आणि खरी गंमत इथे आहे. मुंबई इलाख्यात जिल्ह्यांसाठी १८९० चा आणि मुंबई शहरासाठी १९०२ चा असे दोन पोलीस कायदे होते. ते एकत्र करून १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम झाला. २०१२ मध्ये त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम केलं. त्याच्या कलम ३७(१) प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त जाहीर अधिसूचना काढून शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, बंदुका, सुरे, काठ्या, लाठ्या, इतकंच काय, शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बरोबर नेण्यावर बंदी घालू शकतात. दगड जमवणं, दाहक पदार्थ नेणं, प्रेतं किंवा पुतळे यांचं प्रदर्शन, जाहीर घोषणा, गाणी, वाद्यं, हावभाव हे सगळं त्याच कलमात. पोटकलम ३ मध्ये जमावबंदी. तिला पंधरा दिवसांची मर्यादा, पुढे न्यायची तर राज्य सरकारची मंजुरी हवी. ३७(१) चा आदेश मोडला तर कलम १३५ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद. आणि न्यायालयाने लेखी कारण दिलं नाही तर ती चार महिन्यांपेक्षा कमी नसते.

गणपती, नवरात्र, ईद, शिवजयंती, परीक्षा, निवडणूक, आंदोलन. जिल्ह्याजिल्ह्यात हे आदेश पंधरा-पंधरा दिवसांचे निघतात, कित्येकदा एक संपायच्या आत दुसरा. मजकूर तोच, तारखा बदललेल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आधाराच्या काठीला सूट आहे, हे वाक्यही बहुतेक वेळा त्यात असतं. बातमी आतल्या पानावर दोन इंचांत येते आणि आपण पान उलटतो. बरेच जण याला अजून '१४४ लागलं' म्हणतात. ते वेगळं कलम, केंद्राच्या फौजदारी प्रक्रियेतलं, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १६३ झालंय.

आता सुरुवातीची ती ओळ परत बघा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे बंदुकीला देशभर परवाना लागतो, पण कलम ४ ची, म्हणजे तलवारी-गुप्तींची, सक्ती सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रातच असते. १८७८ च्या कलम १५ चाच हा वारसा. नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं मोजमाप आहे आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. ३७(१) मध्ये असं कुठलंच मोजमाप नाही. म्हणून दोन्ही कलमं जोडीने लावली जातात: एकातून सुटला तर दुसऱ्यात सापडेल. पण दोन्हीकडे अधिसूचना हा पाया आहे. ती त्या ठिकाणी, त्या तारखेला लागू होती हे कागदाने दाखवावं लागतं. आदेशांचा रतीब घालण्यात जेवढा उत्साह दिसतो तेवढा तो कागद कोर्टापुढे ठेवण्यात दिसला, तर खऱ्या गुंडांना शिक्षा होण्याची शक्यता तरी वाढेल.

राहिला कोकण. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हजार कामांत अडकलेला शेतकरी शेती संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची नाहीतर काडतुसाची बंदूक ठेवतो. रानडुक्कर, गवा, माकडं. निवडणूक लागली की फर्मान यायचं: बंदूक पोलीस ठाण्यात जमा करा. २०१९ ची विधानसभा २१ ऑक्टोबरला होती, म्हणजे आचारसंहिता बरोबर भात पिकण्याच्या दिवसांत. सरसकट जमा करण्याच्या या पद्धतीविरुद्ध एक परवानाधारक मुंबई उच्च न्यायालयात गेला होता, आणि जुलै २००९ मध्ये न्यायालयाने त्यावर मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यानंतर निवडणूक आयोगाने आपल्या सूचना बदलल्या. जामिनावर सुटलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, आधी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, नाव आलेले अशांची छाननी जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या समितीने करायची आणि त्यांची शस्त्रं जमा करून घ्यायची. बाकीच्यांची नव्हे.

तेव्हा पुढच्या आचारसंहितेत ठाण्यातून फोन आला तर भांडू नका, पण एवढं विचारा: छाननी समितीच्या यादीत माझं नाव आहे का, आणि लेखी आदेश कुठाय? जमा करावीच लागली तर बंदुकीच्या क्रमांकासह पोच घ्या. निकालानंतर आठवडा झाला की तीच पोच दाखवून बंदूक परत मागता येते.