जुन्या दुनळीची बाजू

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या ज्या मराठी घरांत आजोबांची बंदूक परवान्यासकट पुढच्या पिढीकडे आली, तिथे एक मत हल्ली ठामपणे मांडले जाते: साधी, वापरून झिजलेली दुनळी आता शोभेपुरतीच, स्पर्धेत उतरायचे तर महागडी इटालियन बंदूकच हवी. 2019 च्या कायदादुरुस्तीने तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येऊ लागली, तेव्हा ‘निकामी’ म्हणून आधी जमा करायला निघाली तीही हीच. हे मत मला मान्य नाही.

त्यात तथ्य आहे ते उडत्या तबकड्यांच्या नेमबाजीतल्या ट्रॅप या प्रकारापुरते. तिथे तबकडी नेमबाजापासून वेगाने दूर पळते आणि सरावात काडतुसे हजारोंनी उडतात; एकावर एक नळ्यांची वजनदार बंदूक तिथे सरसच. स्कीट या दुसऱ्या प्रकाराचे तसे नाही. तबकड्या समोरून आडव्या जातात आणि नेमबाज उभे राहतात त्या वर्तुळाची त्रिज्या अवघी 19.2 मीटर. हा खेळ मुळात पक्ष्यांच्या शिकारीच्या सरावासाठीच अमेरिकेत निघाला. मग तित्तर-बटेरांसाठी घडवलेली हलकी दुनळी इथे परकी कशी? आंतरराष्ट्रीय नियमही तिला अडवत नाहीत.

किमतीचा युक्तिवाद तर आणखी लंगडा. बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांनी 1875 मध्ये पेटंट घेतलेली चाप-घोड्याची रचना स्वस्त बंदुकांत आहे आणि महागांतही. जास्तीचे पैसे बहुतांशी नक्षीला, अक्रोडाच्या लाकडाला आणि हातकामाला पडत. तबकडीला यातले काहीच दिसत नाही.

झीज मात्र नीट वाचावी. दस्ता काळवंडला, नळ्यांवरची निळाई उडाली, तर बिघडत नाही. रिकामी बंदूक उघडून नळ्यांचा तळ पाहावा: बर्मिंगहॅमचे किंवा बेल्जियममधल्या लिएजचे चाचणीचे छाप तिथे असतात, आणि धूररहित दारूची चाचणी झाली होती का, ते त्यांवरून कळते. मग नळी उजेडाकडे धरून आत गंजाचे खड्डे आहेत का पाहावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काडतुसाच्या खोबणीची लांबी. जुन्या बंदुकांत ती पुष्कळदा 65 मिलिमीटरची असते. 70 चे काडतूस तिथे बसते, पण त्याचे तोंड पुरते उघडत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. नळीची जाडी आणि ही लांबी जाणत्या कारागिराकडून मोजून घेतल्याशिवाय तिच्यातून एकही बार काढू नये, आणि तेवढे मोजल्याशिवाय तिला निकामीही म्हणू नये.